विजयमालाचा सोमवार

आमच्या पालीत कुणाच्या घरचं पीठ कधी संपतं, हे विजयमालाला तोंडपाठ आहे. विजयमाला कधी जेवते, हे मात्र गावात एकालाही ठाऊक नाही. मला याचाच संताप येतो.

दोन वर्षांपूर्वी तिने घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली, शेजारी मिरची कांडपाचं यंत्र. बाई दहावी शिकलेली, हाताला जलद, जिभेला गोड. धंदा पहिल्याच महिन्यात चालला. बीडचा हेलपाटा वाचला म्हणून आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं आणि त्या कौतुकात तिला पुरती अडकवली. सकाळी सहाला दळणाचा डबा, ताटावर बसली की डबा, अंगात ताप असला तरी डबा. गिऱ्हाईकाने लेकरं भुकेली आहेत म्हटलं की ती उठायची. एक गिऱ्हाईक माघारी गेलं तर ते दुसरी गिरणी धरेल, ही नव्या धंद्याची भीती तिच्या मनात बसलेली.

नवरा शिवशंकर बीडला कापडदुकानात कामाला. त्याला रविवारी सुट्टी असते. सुट्टीत तो गिरणीच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बायकोची तारीफ ऐकवतो. तारीफ कसली, तर ती थकतच नाही म्हणे. अरे, तिचं तोंड कधी बघितलंस का? डोळ्यांखाली काळं, पापण्यांवर पीठ, पायांना सूज. आठवड्यातून एक दिवस बंद ठेवू का, म्हणून तिने त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने ते हसण्यावारी नेलं.

एका रविवारी मी ज्वारी घेऊन गेले. डबा ओतता ओतता ती उभ्या उभ्याच पेंगली. पदर सुटला आणि गिरणीच्या पट्ट्यात गेला. मी धावत जाऊन बटण बंद केलं. पदर फाटून पट्ट्यात राहिला, तिच्या गळ्यावर लालभडक वळ उठला. थोडा उशीर झाला असता तर बाई हातची गेली होती. शिवशंकर आत आला, त्याने आधी पट्टा तुटलाय का ते बघितलं. मग म्हणाला की उद्या छबुबाईकडची लग्नाची मिरची कुटायची आहे, लवकर ऊठ. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, याचाही मला राग आहे.

सोमवारी सकाळी गिरणीला कुलूप. बाहेर अकरा डबे, मिरचीचं पोतं घेऊन छबुबाई, आणि बायकोच्या नावाने हाका मारणारा शिवशंकर. विजयमाला मागच्या गोठ्यात सापडली. गळ्याला हळद लावून बैलांशेजारी बसली होती. सासरे आप्पा वैरण टाकत होते. आप्पांचा नेम कडक. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. ऐन पेरणीत वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून चालला तरी त्यांनी सोमवारी कधी औत जुंपलं नाही.

शिवशंकर आरडाओरडा करायला लागला तशी ती उठली. त्याच्याकडे पाठ करून सासऱ्यांना म्हणाली, “आप्पा, बैलाला सोमवार हाय. मला कोन्ता वार हाय?”

आप्पांच्या हातातली वैरण हातातच राहिली. त्यांनी तिच्या गळ्याकडे बघितलं. कालपासून घरातल्या माणसाने तो वळ पहिल्यांदाच नीट बघितला. मग ते पुढच्या दारी आले.

“आज सोमवार हाय. गिरणी बंद. दर सोमवारी बंद ऱ्हाईल. जावा घरी.”

लोक कुरकुरत का होईना, पांगले. शिवशंकरनेही बीडची वाट धरली. बाईचं मोडलेलं अंग दोन वर्षं सांगत होतं ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही, आणि म्हाताऱ्याचं बोलणं सगळ्यांना लगेच पटलं. एका दिवसाच्या सुट्टीसाठी तिला बैलाचा दाखला द्यावा लागला.

मी माझा डबा उचलत होते. हो, त्या अकरांत एक माझाही होता. कालची ज्वारी दळायची राहिली होती ना. विजयमालाने माझ्याकडे बघितलं.

“काकू, तुमी बी?”

डबा घेऊन घरी आले. त्या दिवशी आमच्याकडे भाकरीऐवजी खिचडी झाली, आणि कुणीही उपाशी झोपलं नाही.