बोटावरची बाजरी

"तीन वर्सं झाली डाक्टर, साखरंचा कण तोंडात घातला न्हाई मी. खोटं वाटत आसंल तर इच्यारा हिला."

"मग चहा कशाचा पिता?"

"गुळाचा."

उंब्रजच्या डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, रंगुबाईनं, पदर तोंडाला लावला. लालासाहेब दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. आपलं काय चुकलं हे त्याला खरंच उमगलं नव्हतं. तीस वर्षं गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून काढलेला माणूस. साखर म्हणजे कारखान्याची, पोत्यातली. गूळ आपल्या हातचा. आपल्या हातचं आपल्याला कसं बाधंल? म्हणून साखर सोडल्यापासून हा गडी दिवसाला सहा कप गुळाचा चहा पीत होता, भाकरी काकवीत बुडवून खात होता, आणि वर पारावर बसून लोकांना पथ्य शिकवत होता.

"अहो, रक्तात गेल्यावर दोन्ही एकच," डॉक्टर म्हणाले. "तीन वर्षं तुम्ही काहीच सोडलेलं नाही."

हंगाम संपल्यावर, चैत्रात, तो आला होता बोटांसाठी. पाय तर आधीच बधिर झाले होते. एकदा बाजारातनं एकाच चपलेवर घरी आला, दुसरी कुठं गळाली पत्ता नाही. ते त्यानं हसण्यावारी नेलं. पण बोटं गेली तर गुळव्याचं राहिलं काय? काहिलीत उसाचा रस आटत आला, की गुळव्या हात गार पाण्यात बुडवतो, उकळता पाक चिमटीत घेतो आणि पाण्यात धरून त्याची गोळी वळतो. गोळी किती घट्ट झाली ते डोळ्यांना नाही, बोटांना कळतं. त्यानं 'उतरा' म्हटलं की चौघं काहील उतरवतात. जरा आधी उतरली तर गूळ पाझरतो, जरा उशीर झाला तर करपतो. लालासाहेबाची बोटं कधी चुकली नव्हती. गेल्या हंगामाच्या शेवटाला मात्र त्यांना गोळी लागेनाशी झाली. काहिलीची शेवटची आधणं त्यानं नुसत्या अंदाजावर काढली आणि कुणाला बोलला नाही.

"पुढचं नुकसान थांबेल. गेलेलं परत येईल, असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले. लालासाहेबानं त्यातलं निम्मंच ऐकलं.

गूळ सुटला. काकवी सुटली, चहा सुटला, भातही सुटला. दोन वेळेला ज्वारीची भाकरी, पोकळा नाहीतर मेथी, आणि तोंडी लावायला कच्चा मुळा. पहिले आठ दिवस डोकं फुटायची पाळी आली, आणि त्या दिवसांत रंगुबाईनं ज्या शिव्या खाल्ल्या त्या तिच्या सासूनंही दिल्या नव्हत्या. बेंदराला घरात पुरणपोळी झाली, तर हा दाराबाहेर बसून भाकरी मोडत होता.

"तात्या, गुळव्या आसून कारल्यागत झालाय की," पारावरचं कोणीतरी म्हणालं.

"तू खा रं गड्या. तुजी बोटं तुज्याजवळ हायत."

रोज सकाळी परीक्षा असायची. तो उंबऱ्यावर डोळे मिटून बसायचा. रंगुबाई त्याच्या बोटावर एक दाणा ठेवायची, कधी ज्वारीचा, कधी बाजरीचा. त्यानं अंगठ्यानं चोळून ओळखायचं. आखाड गेला, श्रावण गेला, गणपती बसले, उठले. दहातली पाच बरोबर यायची, आणि तेवढी तर न चोळताही आली असती.

गणपती उठल्यावर रक्त तपासलं. साखर निम्म्यावर आली होती. डॉक्टरांनी शाबासकी दिली. त्यानं बोटांचं विचारलं, तर डॉक्टरांनी चैत्रातलंच वाक्य पुन्हा म्हटलं. या खेपेला त्यानं ते सगळं ऐकलं.

घरी येऊन तो भिंतीकडं तोंड करून पडला. ना भाकरी, ना औषधाची गोळी, ना बोलणं. तिसऱ्या दिवशी सकाळी रंगुबाई म्हणाली, "उठा आवं. उंबऱ्यावर बसा."

तो बसला. डोळे मिटले. तिनं दाणा ठेवल्यासारखं केलं. त्यानं बराच वेळ चोळलं.

"बाजरी."

"व्हय," ती म्हणाली. "बाजरीच."

त्यानं त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या. पुढचे आठ दिवस त्याचं एकही उत्तर चुकलं नाही.

दसरा झाला आणि आप्पासोच्या गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलं. पहिलं आधण लालासाहेबाचं. रस आटला, बुडबुडे जड झाले. त्यानं हात पाण्यात घातला, पाक घेतला, गोळी वळली.

"आजून कच्चं हाय."

थोड्या वेळानं पुन्हा घेतली. "थांबा जरा."

"तात्या, वास यायलाय," आप्पासो म्हणाला.

"तीस वर्सं तू वळतुयास का मी? थांब म्हनलं न्हवं?"

आप्पासो थांबला नाही. त्यानंच 'उतरा' म्हटलं. तोवर गूळ डांबरागत काळा झाला होता. लालासाहेबानं हात वर धरला. चिमटीची तिन्ही बोटं पांढरी होऊन फुगली होती. पाण्यात नीट न बुडवताच त्यानं पाक उचलला होता, आणि त्याला पत्ता नव्हता.  

आप्पासो खाली मान घालून म्हणाला, "तात्या, उद्यापास्नं चुलवाणाफुडं जाळ घालायला बसा. गुळव्या मी दुसरा बगतो."

"उद्यापास्नं कशाला? दुसरं आधण चढलंय की."

दुपारी रंगुबाई भाकरी घेऊन आली. त्याच्या बोटांना गुंडाळलेलं फडकं बघून तिला सगळं कळलं. ती शेजारी बसली.

"त्या दिशी मी कायबी ठिवलं नव्हतं बोटावर," ती म्हणाली. "फुडचे आठ दिसबी तुमी म्हनाल त्याला व्हय म्हनत हुती."

तो चावत राहिला. घास गिळून झाल्यावर म्हणाला, "आनि मी बाजरी म्हनलो."

"व्हय."

"दाना न्हाई, तरी बाजरी."

आप्पासोनं चहा पाठवला होता, गुळाचा, वाफाळता. लालासाहेबानं पेला तसाच मागं सारला.

"आता तरी घ्या घोटभर," रंगुबाई म्हणाली. "कशासाठी सोडायचं?"

"पाय हायत आजून अंगाला."

तिनं घरनंच पिशवीत घालून आणलेले त्याचे जुने कापडी बूट काढले. चुलवाणाच्या निखाऱ्यावर पाय पडला तर त्याला कळणार नव्हतं. त्यानं बूट घातले, नाडी तिनं बांधली. मग तो उठला आणि चुलवाणाच्या तोंडाशी जाऊन बसला. वर आप्पासोनं तातडीनं बोलावलेल्या नव्या गुळव्यानं हात पाण्यात बुडवला, तसा यानं चिपाडाचा भारा ओढला आणि आत सारायला लागला.