कवळीमास्तरांचा प्रश्न

कवळीमास्तरांनी अडतीस वर्षं लोकांना दात दिले. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी, डोळ्याला भिंग आणि अंगभर प्लास्टरची पांढरी धूळ. गिऱ्हाईक नवी कवळी घालून समोर बसलं की ते एकच विचारत, "कुठे टोचतं?" बरी बसली का, असं चुकूनही विचारत नसत. बरी का विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. कुठे टोचतं विचारलं की तोंड उघडतो, असा त्यांचा अनुभव.

निवृत्तीच्या आधी शेवटची कवळी त्यांनी बायकोसाठी केली, तीन आठवडे खपून. तेव्हापासून चार वर्षं येईल-जाईल त्याला ते ऐकवत, "आमच्या हिच्या तोंडात बघा. असलं काम आता कोणी करत नाही." आणि बायको बिचारी हसून दाखवी.

परदेशच्या सहलीत मुलाने स्टेकहाउसमध्ये जेवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी मास्तर तयार झाले. मांसाचा एवढा जाड तुकडा! हिच्या कवळीची याहून मोठी परीक्षा कुठली?

"आईंसाठी सूप मागवू या का?" सुनेने हळूच विचारलं.

"सूप? तिचे दात कुणी बनवलेत?"

"मला काहीही चालेल हो," बायको म्हणाली.

"काहीही कशाला? माझ्यासारखंच घे."

वेटर मुलगी आली आणि मास्तरांचा गोंधळ सुरू झाला.

"बाबा, कितपत भाजू, विचारतेय," मुलगा म्हणाला.

"म्हणजे काय? शिजेपर्यंत!"

"त्याचे पाच प्रकार आहेत."

"शिजण्याचे?" पोरगा चेष्टा करतोय, असं मास्तरांना वाटलं. मग सुरी आली, तिला करवतीसारखे दाते. असल्या करवतीने ते प्लास्टर कापत. ती जेवायच्या टेबलावर कशाला, कळेना. ताटाऐवजी लाकडी फळी आली. आता कापायचं कुठल्या हाताने आणि खायचं कुठल्या, हे बघायला त्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, तर तिथला माणूस डावखुरा निघाला.

कसाबसा तिसरा घास चावत त्यांनी बायकोकडे नजर टाकली. तिची फळी लख्ख!

"बघ रे, बघ! आहे कुणाची टाप?" मास्तरांची छाती फुगली. पण मनात कुठेतरी हिशेब जुळेना. आपले दात स्वतःचे, तरी आपण तिसऱ्या घासावर. ही घरी ब्रेड चहात बुडवून खाते, सफरचंद किसून खाते. मऊच आवडतं म्हणते. मग आजच असं काय झालं? इथली हवा मानवली असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

वेटर मुलगी फळ्या उचलायला आली. कापडी नॅपकिन गोळा केले, तर तीनच भरले. तिने टेबलाखाली पाहिलं. सून वाकली, मुलगा वाकला. काय शोधायचं ते माहीत नसताना मास्तरही वाकले. बायको तेवढी पर्स पोटाशी धरून ताठ बसून होती.

"आई, तू घेतलास का गं? अगं, तो नेत नाहीत," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"छे रे."

तेवढ्यात मास्तरांना पर्सवर तेलकट डाग दिसला. ही आणि चोरी? "नॅपकिन हवाय, तर विकत आणून देतो ना," असं पुटपुटत त्यांनी चेन उघडली.

नॅपकिनमध्ये मांसाचे तुकडे होते. सगळेच्या सगळे.

वेटर मुलगी घाबरून काहीतरी विचारू लागली, मुलगा तिची माफी मागू लागला. मास्तरांनी एक तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला. पुढच्या दातांचे ठसे उमटले होते. दाढांचा एकही नव्हता. दुसरा तुकडा पाहिला. तोही तसाच.

मुलगा-सून बिलासाठी आत थांबले. हे दोघं बाहेर फुटपाथवरच्या बाकावर बसले. मास्तरांना आधी बायकोचा राग आला, मग स्वतःचा, मग कुणाचा ते समजेना.

"चार वर्षं! एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"विचारलं नाही? रोज विचारायचो! मस्त बसलीय ना, म्हणून..." मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी खिशातला चष्मा काढला, सदऱ्याला पुसून डोळ्यांवर चढवला. मग गुडघे कुरकुरत असतानाही तिच्यापुढे उकिडवे बसले. येणारे-जाणारे वळून बघत होते.

"कुठे टोचतं?"

बायकोने इकडेतिकडे पाहिलं. पदर चेहऱ्यासमोर धरला, तोंड उघडलं आणि बोट आत घातलं. डावीकडे खाली. मग उजवीकडे. मग वर, टाळूपाशी. बोट काही थांबेना.