जहाजबंदीचं प्रकरण

मी आठवीपर्यंत शिकले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी अमेरिकेच्या राजकारणाबद्दल लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, हिला त्यातलं काय कळतं? खरंच फारसं कळत नाही. जे कळतं ते सगळं एका माणसाच्या तोंडून ऐकलेलं, वारज्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, सकाळी दहा ते साडेबारा.

आमचं गाव चंद्रपूरच्याही पलीकडे. नवऱ्याला मार्केट यार्डात ट्रकवर काम मिळालं म्हणून आम्ही पुण्यात आलो. मला सरांच्या घरी पोळ्यांचं काम लागलं. सर कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. काचबिंदूने त्यांचे डोळे गेले होते. एकदा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला संपलेल्या सामानाची यादी लिहायला सांगितली. ती पाहून म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे की. पोळ्यांपेक्षा चांगलं."

हे कौतुक होतं, हे कळायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरातून सरांच्या खोलीत बसवण्यात आलं. खुर्चीवर. मी सतरंजीवर बसायला गेले तर सर म्हणाले, "चिटणीस जमिनीवर बसत नसतात." तेव्हापासून ते मला चिटणीसच म्हणायचे. या चिटणीस, बसा चिटणीस. गावाकडे मला कोणी 'या' म्हटलेलं आठवत नाही.

सरांना एकच पुस्तक लिहायचं राहिलं होतं. अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हा ती इंग्लंड आणि फ्रान्स या दोन भांडणाऱ्या बड्या देशांमध्ये कशी सापडली, याचं. आपण स्वतंत्र झालो तेव्हा सर विद्यार्थी होते. आपल्या देशाने कुठल्याच गटात जायचं नाही असं ठरवलं, त्यावर त्यांची वसतिगृहात भांडणं व्हायची. तेव्हापासून हा विषय त्यांच्या डोक्यात होता. मराठीत यावर धड काही नाही, आपण ते लिहून जायचं, एवढीच त्यांची इच्छा. बाकी सगळं झालं होतं.

"नवं राष्ट्र म्हणजे नवी सून," सर सांगायचे. "घरात सासू आणि आजेसासू भांडतायत. हिने कोणाची बाजू घ्यायची?"

आतून काकू म्हणायच्या, "सुनेला विचारलंय का कोणी?"

मी लिहीत गेले. पहिला अध्यक्ष म्हणजे म्हातारा सेनापती. त्याच्या मंत्रिमंडळातच दोन तट, खजिन्याचा मंत्री इंग्रजांकडे झुकलेला, परराष्ट्रमंत्री फ्रेंचांकडे. म्हातारा म्हणाला, आपण कोणाच्याच बाजूने नाही. मग इंग्रजांशी तह केला, तर लोकांनी तह करून आलेल्या वकिलाचे पुतळे जाळले. हे लिहिताना मी न राहवून म्हणाले, "सर, आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन पार्ट्या होत्या. माझा बाप कोणाकडेच गेला नाही. दोघांनीही त्याला कामावर बोलवणं बंद केलं."

सरांनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं, चुकलं, आता काढून टाकतात. मग म्हणाले, "हे पुस्तकात घालायला हवं. घाला. चौथ्या प्रकरणाच्या शेवटी." ते तिथे आहे. माझा बाप आणि अमेरिकेचा पहिला अध्यक्ष एका पानावर आहेत. त्या दिवशी मी घरी जाताना बसमध्ये रडले.

पाचवं प्रकरण जहाजबंदीचं. इंग्रज समुद्रात अमेरिकेची जहाजं अडवायचे, खलाशी धरून न्यायचे. फ्रेंचही माल जप्त करायचे. तिसऱ्या अध्यक्षाने ठरवलं, लढाई नको, आपली जहाजंच परदेशी पाठवायची नाहीत. आपला माल मिळाला नाही की दोघंही ताळ्यावर येतील. त्या दोघांचं फारसं बिघडलं नाही. यांचीच जहाजं बंदरात कुजत राहिली, खलाशी घरी बसले. सरांनी हे नऊ दिवस सांगितलं, आणि फार सुंदर सांगितलं. समुद्र न पाहिलेल्या मला लाकडी जहाजांना फासलेल्या डांबराचा वास आला.

दहाव्या दिवशी मी वही उघडली. सर म्हणाले, "लिहा. प्रकरण पाचवे. जहाजबंदी."

मला वाटलं, सुधारून सांगतायत. मी लिहिलं. थोडं वेगळं होतं, पण तेच होतं. पूर्वी रोज आदल्या दिवशीचं वाचून दाखवायचा आमचा रिवाज होता. तोही त्यांनी बंद केला. "डोक्यात आहे सगळं," म्हणाले. ते प्रकरण संपलं आणि पुन्हा, "लिहा. प्रकरण पाचवे."

इथे माझ्या हातून जे झालं ते मी आजवर नीट कोणाला सांगितलेलं नाही. पाचवं आधी लिहिलेलं होतं, म्हणून मी वर 'सहावे' घातलं. पुढच्याला 'सातवे'. वही पाहणाऱ्याला पुस्तक पुढे चाललंय असं दिसावं म्हणून. आठवी शिकलेल्या बाईने सरांना सांगायचं का, की तुम्ही विसरताय? आणि सांगितलं तर पुस्तक थांबणार, मग मी पुन्हा ओट्यापाशी. हेही मनात होतं, नाही कशाला म्हणू?

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू काऊन घाबरून राहिली? ते सांगून राहिले, तू लिहून राहिली. तुयं काय चुकलं?"

मी दहावं प्रकरण पुरं केलं तेव्हा काकूंनी अनुक्रमणिका पाहिली. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला, त्याचा छापखाना होता. "दहा झाली रे. होत आलं." मी तिथेच उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

रविवारी तो आला, बाहेरच्या खोलीत वह्या घेऊन बसला. चहा झाला, दुसरा चहा झाला. मग हळूच म्हणाला, "काकू, पाचवं प्रकरण आणि हे सहावं... आणि हे सगळंच..."

काकूंनी वह्या पाहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "अगं, तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"वा. आंधळ्याला चिटणीस दिला, तर चिटणिसाने मौनव्रत घेतलं."

विद्यार्थी म्हणाला, "मला पहिल्याच वेळी कळलं असतं, तर मी येऊन निदान शेवट तोंडी रेकॉर्ड केला असता. दोन महिन्यांपूर्वी सर फोनवर माझ्याशी त्यावर तासभर बोललेत. आता..." अर्धवट पुस्तक छापता येत नाही, एवढं म्हणाला आणि वह्या टेबलावर ठेवून गेला.

काकू पदराने चष्मा पुसत राहिल्या. म्हणाल्या, "त्यांना तूच सांग. माझ्याने होणार नाही."

सोमवारी दहा वाजता मी खुर्चीवर बसले आणि सर बोलायच्या आत सांगितलं. भीतीने एका दमात सांगितलं. जहाजबंदी सहा वेळा झालीय सर, मी खोटे आकडे घातले.

सरांनी हात पुढे केला. मी वह्या दिल्या. त्यांनी एकेक वही चाचपली, मांडीवर रचली.

"सहा वेळा?"

"हो सर."

"चांगलं तरी सांगितलं का, सहाही वेळा?"

"पहिलं सगळ्यात चांगलं होतं."

ते हसले. मग ताठ बसले. "ठीक. काढा नवी वही. प्रकरण सहावे. शेवट." मी लिहिलं. आणि इतकं हलकं वाटलं, की देवा, सांगायला इतके दिवस कशाला लावले मी!

सर थांबले. ओठ हलत होते. एकदा म्हणाले, "जहाजबंदी उठली," आणि परत थांबले. खाली भाजीवाला ओरडून गेला. मग माझ्याकडे मान वळवून, विद्यार्थ्याने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पुढे काय झालं हो, चिटणीस?"

मला माहीत नव्हतं. सरांनी सांगितलं तेवढंच मला माहीत. कपाटात भिंतभर इंग्रजी पुस्तकं होती, त्यातल्या कुठल्यातरी पुस्तकात ते असणार. मी उठून उगाच त्यांच्या पाठींवरून हात फिरवला. मग बाहेर येऊन काकूंच्या फोनवरून त्या विद्यार्थ्याला विचारलं. तो छापखान्यात होता, मागे मशीन चालू होतं. म्हणाला, "पुढे? युद्ध झालं. तीनेक वर्षांनी, इंग्रजांशी. इंग्रजांनी त्यांची राजधानी जाळली. का?"

मी धावत खोलीत आले.

"सर, युद्ध झालं. इंग्रजांनी राजधानी जाळली."

सरांनी मान हलवली, परक्या घरची बातमी ऐकावी तशी, अदबीने.

"अरे अरे," म्हणाले. "कुठे?"