सतराचा आणि एकोणीसचा

आंधळगावला शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी स्टँडवरून घरी चालले असताना मोटारसायकलवरून दोन पोरं आली आणि मागे बसलेल्याने माझ्या गळ्यातली पोत ओढली. मी पडले. उजवं मनगट मोडलं.

दोघं लवकरच सापडले. एकाच मोहल्ल्यातले. गाडी चालवणारा एकोणीसचा, पोत ओढणारा सतराचा. मोठा जेलात गेला. लहान्याचं प्रकरण भंडाऱ्याला बाल न्याय मंडळापुढे गेलं. मंडळाने त्याला परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी राहू दिलं. दर शनिवारी हजेरी, सोबत आयटीआय.

आमचे हे फार चिडले. "हात याने मोडला, अन् हाच मोकळा? उद्या आणखी कोणाले पाडंन तं?"

मलाही तेच वाटत होतं. ते अधिकारी माझा जबाब घ्यायला घरी आले तेव्हा मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमची भीती खरी आहे. जेलात टाकला तरी तो कधीतरी बाहेर येणारच, याच गावात. तेव्हा तो कसा असावा, तेवढं मी पाहतो." मला ते पटलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर मनगटाच्या व्यायामासाठी मी शनिवारी, सकाळची शाळा सुटली की भंडाऱ्याला जायची. त्याच एसटीत तो पोरगा असायचा. मी पुढे बसायची, तो शेवटच्या सीटवर. पहिले काही शनिवार माझा हात सारखा गळ्याकडे जायचा. एकदा तो आलाच नाही. पुढच्या वेळी अधिकारी स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आले, असं कंडक्टरने सांगितलं.

एका शनिवारी गाडीत गर्दी होती. तो माझ्या सीटजवळ उभा राहिला.

"मॅडम, हात कसा हाय?"

"थंडीत दुखतो."

कंडक्टर पुढे सरकेपर्यंत तो थांबला. मग हळूच म्हणाला, "तो गाडी चालवणारा जामिनावर सुटला. जेलात नागपूरचे पोट्टे भेटले त्याले. मले बोलावून राहिला."

"मग?"

"नाई गेलो. हजेरीवाल्या सरले सांगून देल्लं."

"काहून?"

"सर घरी येतेत. आईसंग बोलतेत. मी गेलो तं त्यायले काय तोंड दाखवू?"

काही महिन्यांनी मोठा पुन्हा पकडला गेला. तुमसर रस्त्यावर एका म्हाताऱ्याला सायकलवरून पाडून त्यांनी लुटलं होतं. सोबतचे नागपूरचेच. म्हाताऱ्याच्या डोक्याला मार लागला. अंगणातल्या खुर्चीवर बसून मी ती बातमी दोनदा वाचली. जेलात टाका म्हणताना, तिथून परत येणाऱ्याची गाठ कोणाशी पडेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

लहान्याने वायरमनचा कोर्स केला आणि सिहोऱ्याला एका दुकानात जळालेल्या पंपांच्या मोटारींची तार पुन्हा भरायला लागला. माझ्या माहितीत तरी पुढे त्याचं कुठे नाव आलं नाही.

हे म्हणतात, "तो पोट्टा मुळातच बरा असंन. दोन पोरांवरून काय ठरते?"

खरं आहे, दोघांवरून काही ठरत नाही. पण लहान्यालाही त्याच बराकीत पाठवलं असतं, तर त्या सायकलवाल्यापुढे आणखी एकजण उभा असता, असं मला वाटतं. पुढे अशा पोरांना घरी राहू द्यावं का, यावर मंडळाने शाळांमधून मतं मागवली, तेव्हा मी हेच लिहून दिलं.