पैसे धरले, मुन्ना राहिला

मंडळी, घरी येऊन चहा झाला तरी सकाळचं डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

सध्या इकडे उत्तरेत आमचा सर्व्हे चालू आहे. गावातल्या घरांचं माणशी खरं उत्पन्न किती आणि त्यात महिन्याचं काय काय येतं, ते विचारायचं. आज गंगेपलीकडच्या गावात एका चाचींनी आधी गूळ-पाणी दिलं, मग सगळं नीट सांगितलं. दुधाचे पैसे, शिलाईचे, मुलगा सुरतहून पाठवतो ते.

"घरात किती जण?"

"चार."

मला तीनच दिसत होते. चौथा मुन्ना, तोच सुरतचा. इतके महिने बाहेर असलेला माणूस आमच्या नियमाने घरात धरायचा नाही. त्याने पाठवलेले पैसे मात्र धरायचे. मी टॅबवरून त्याचं नाव काढलं आणि चाचींना तसं सांगितलं.

त्या टॅबकडे बघत राहिल्या. "पैसा लिख लिया बिटिया, लड़का नहीं लिखा?"

मी खाली शेऱ्याच्या रकान्यात मुन्नाचं नाव लिहून त्यांना दाखवलं. तो रकाना ऑफिसात कोणी वाचत नाही, हे नाही सांगितलं.

तुमच्यातले कितीतरी जण लांबून घरी पैसे पाठवतात. घरात किती जण, असं कोणी विचारलं तर तुमची आई काय सांगेल?