काकूंनी धरलेला भाता
पेटी उघडली की जुन्या लाकडाचा वास येतो आणि मला मोताळ्याचं देऊळ आठवतं. साऱ्या गावाला गाणं शिकवलेल्या गुरुजींचा डावा हात अर्धांगवायूने गेला होता. एकादशीच्या भजनात त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "तूच वाजव, माह्यानं भाता होत नाही." तेवढ्यात बायकांमधून त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, उठून पेटीसमोर बसल्या. "भाता मले द्या, तुमी नुसती बोटं चालवा." पण त्या घाईघाईने भाता हलवू लागल्या आणि सूर थरथरला. गुरुजी म्हणाले, "हळू. जन्मभर घाईच केली तुनं." "मंग बंद करू काय?" "नाही, राहू दे." दुसऱ्या अभंगाला दोघांचं जमलं, आणि गुरुजी गेले तोवर ही जोडी भजनाला बसली. आता मीही पेटी शिकवते. नवऱ्याला भाता हलवायला शिकवून ठेवलंय, असू द्यावं.