वैजंतामायचे भाऊबंद

वैजंतामाय उभ्या माणसाशी बोलत नसे. माझी सिल्वासाच्या शाळेत बदली झाली तेव्हा खोलीची चौकशी करायला मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग जरा आवाज चढवून विचारलं. ती ओट्यावर लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "उभ्यानं बोलनं खरं नही. बठा पहिले." मी मुकाट्याने बसलो. मग तिने माझं गाव विचारलं, बायकोचं माहेर विचारलं, चहा पाजला आणि तेव्हा कुठे सांगितलं की खोली तिच्याकडे नाही, शेजारच्या घरात आहे. एका शब्दाच्या कामाला बाईने अर्धा तास घालवला म्हणून मी मनातल्या मनात चरफडत उठलो. पुढे ते शेजारचं घर आम्ही विकतच घेतलं आणि माझी सगळी नोकरी तिच्या शेजारात गेली.

ती मूळची शिरपूरकडची. नवरा धाग्याच्या कारखान्यात कामाला लागला म्हणून इकडे आली. तो लवकर गेला. मग ती गलोंड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली, मुलाला, प्रमोदला, शिकवलं, आणि घरामागे दोन खोल्या काढून त्या भाड्याने दिल्या. आमच्या गल्लीत सगळ्यांचंच असं होतं. पुढे मालकाचं बैठं घर, मागे पत्र्याच्या खोल्या, त्यांत कारखान्यांत राबणारी माणसं: धुळ्या-नंदुरबारची, बिहारची, खानवेलच्या जंगलातून आलेल्या पोरी. कुणाची पाळी कधी सुटते आणि कुणाच्या अंगात ताप आहे, हे वैजंतामायला पाठ असे. तिला सगळे माय म्हणत. तिच्याहून मोठा असलेला दिनूभाईसुद्धा कधीकधी चुकून म्हणे.

दिनूभाई म्हणजे तिच्या समोरच्या घरातला, वलसाडकडचा. त्याची बायको जसुबेन आणि वैजंतामाय यांच्या वाट्यांची ये-जा वर्षभर चाले. इकडून ठेचा जाई, तिकडून हांडवो येई. श्रावणातले काही दिवस तेवढे मायच्या घरातून काही येत नसे. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिच्याकडे कानबाई बसे. खानदेशातली मोठी देवी. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून रोट करायचे आणि देवी दमणगंगेत बोळवल्यावर पौर्णिमेच्या आत ते संपवायचे. पण खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याला रोटाचा तुकडाही द्यायचा नाही. मायचे भाऊबंद सगळे तिकडे शिरपूरला, म्हणून ती आणि प्रमोद दोघंच बसून ते रोट खात. प्रमोद वापीला नोकरीला लागला, तिथेच फ्लॅट घेऊन राहिला, तेव्हापासून ती एकटीच खाई. तिच्या ओट्यावर बसून मी ते पाहिलेलं आहे. वर्षभर गल्लीला वाढणारी बाई त्या दिवसांत पदराआड ताट घेऊन जेवे, आणि ते बघवत नसे.

मग गल्लीत कल्पेशभाई येऊ लागला. हा बिल्डरचा माणूस. आमच्या मागच्या बाजूला एक टॉवर आधीच उभा राहिला होता. त्याची सावली दुपारी तीनलाच आमच्या अंगणात येऊन बसे. उन्हाळ्यात बोअरचं पाणी गेलं ते त्याच वर्षी. आता दुसऱ्या टॉवरसाठी आमची सगळी गल्लीच हवी होती, सलग. मधलं एखादं घर राहिलं तरी त्याचं जमणार नव्हतं, आणि गल्लीच्या तोंडाशी मायचं घर होतं. आम्ही अर्ज केले, सह्या गोळा केल्या, कचेरीत जाऊन आलो. अर्ज अर्थात मीच लिहिले, मास्तर ना मी! भाषा झकास होती, उपयोग शून्य झाला.

कल्पेशभाई उभ्याउभ्याच बोले. "माजी, लिफ्ट मळशे. चोवीस कलाक पाणी मळशे. आ पत्रा नीचे क्यां सुधी रेवानुं?" माय लसूण सोलत राही. शेवटी एकदा त्याने इस्त्रीच्या पँटची माया सोडली आणि ओट्यावर टेकला. मग काय, चहा आला, चौकशी झाली. निघालं असं की तो स्वतः अकराव्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि त्याची आई गुडघ्यांमुळे होळीपासून खाली उतरलेली नाही. माय म्हणाली, "मंग तिले बी आन अठे एक दिन. ओट्यावर बठाडू." तो गेल्यावर मला म्हणाली, "आभाय काय कोना बापनं शे, मास्तर? बांधोत बापडा. पन मागल्या खोलीतल्या पोरी कोठे जातीन? त्या लिफ्टमा कोनी लई जाई का त्यासले?"

खरा प्रश्न तोच होता. घरमालकांना पैसे मिळणार होते. खोल्यांतल्या माणसांना काहीच मिळणार नव्हतं. आणि कल्पेशभाई आता एकेका घरात वेगवेगळा जाऊन बसत होता, दार लावून. संध्याकाळी ओट्यावर जमणारी माणसं एकमेकांकडे चोरून बघू लागली.

त्या श्रावणात एका सकाळी वैजंतामाय सूप घेऊन आमच्या घरी आली आणि चक्क उभ्याउभ्याच बोलली. "मास्तर, तुमना घरमा पुरुष माणसं किती?" मी म्हटलं, मी एकटाच. तिने सुपातून सव्वा मूठ गहू मोजून पिशवीत टाकले आणि पुढच्या घरी गेली. दिनूभाईकडे गेली, बिहारी भाडेकऱ्यांकडे गेली. खानवेलच्या पोरींच्या खोलीत पुरुष नव्हता, तर म्हणाली, कमावतं कोन शे? त्यांच्याही मुठी घेतल्या. कानबाई बोळवली आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येक घराला रोट गेले.

माझी बायको सुनंदा गुहागरची. तिला त्यातलं काही कळलं नाही, तिने लोणच्याबरोबर खाल्ला. पण त्या वर्षी शिरपूरहून मायचा दीर आला होता. तो ताटावरून उठला. "वहिनी, बाटवलं तू देवीले. परक्यासले रोट देस?"

"परका कोन? मना मालक गया तवय तुम्ही तिसऱ्या दिनले पोचनात. खांदा कोनी दिधा? ह्या दिनूभाईनी दिधा." मग ती शांत झाली आणि म्हणाली, "भाऊबंदनं वैर बांधवर राहस, पन खांदा देवाले तोच येस. ज्यानी खांदा दिधा तो मना भाऊबंद."

दीर त्याच दिवशी निघून गेला, तो ती असेपर्यंत पुन्हा तिच्या घरी आला नाही. त्याचं दुःख तिला होतं. तिने ते लपवलं नाही. पण तिने हे भावनेच्या भरात केलं होतं असं कुणी समजू नये. बाई चतुर होती. ओट्यावर सगळ्यांना बसवून तिने तिच्या गावची रीत सांगितली: वावर विकायचं तर आधी भाऊबंदाला विचारायचं, त्याच्याआड बाहेरच्याला शब्द द्यायचा नाही. आता रोट खाल्लेत, तर विचारावं लागेल. सह्या, अर्ज यांनी जे झालं नव्हतं ते त्या रोटांनी केलं. कल्पेशभाई ज्या दारात जाई तिथे त्याला एकच उत्तर मिळे, भाऊबंदांना विचारून सांगतो. तो वैतागून मला म्हणाला, "साहेब, आ तो पटेल, बिहारी, मराठी बधा भाऊ थई गया!" गल्ली अशी बरीच टिकली. पुढच्या श्रावणात पुन्हा गहू मोजले गेले.

मग जसुबेनला अर्धांगवायू झाला. संडास अंगणात, तीन पायऱ्या उतरून. दिनूभाई तिला उचलून नेई आणि उचलून आणी, स्वतः सत्तरीचा. मुलं वलसाडला होती. ती दोघांना म्हणत होती, इकडे या, घर विका, इकडे खालच्या मजल्यावर घेऊ. एका संध्याकाळी दिनूभाई मायच्या ओट्यावर येऊन बसला. मी तिथेच होतो. मायने दिलेला चहा त्याने संपवला. मग म्हणाला, "बेन, हुं चोरीने नाय जावानो. तमने पूछवा आव्यो छुं. तमे ना कहेशो तो नहीं वेचुं."

गल्लीतलं पहिलं घर गेलं की बाकीची घसरणार, हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं. मला वाटलं, ती नाही म्हणेल. मी मनात म्हणत होतो, म्हण, माय. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "इकी टाक, भाऊ. जसुले सांभाळ."

जसुबेनला टेम्पोत गादी घालून नेलं तेव्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन माय वलसाडपर्यंत गेली आणि एस.टी.ने परत आली. मी तिच्यावर रागावलो होतो. म्हटलं, "तुम्ही एक शब्द 'नाही' म्हटलं असतंत तर तो थांबला असता."

"थांबता ना. पन मंग रोज जसुले कोन उचलतं? मी? मना गुडघा आते उठतस नही." तिने लसणाची परडी जवळ ओढली. "मास्तर, नही म्हननं सोपं नही. जो नही म्हनस, त्याले तठेच राहनं पडस."

झालं तसंच. पुढच्या दोन-तीन वर्षांत गल्ली रिकामी होत गेली. काहीजण विचारून गेले, काही न विचारता गेले. न विचारता गेलेल्यांची नावं ती काढत नसे. दिनूभाईच्या नावाने मात्र दर श्रावणात मूठ निघे आणि वलसाडच्या एस.टी.त रोटांचा डबा जाई. "इचारीसन गया तो, चोरीसन नही," एवढंच म्हणे. जेसीबी आले, समोरची घरं पडली, उरलेली मिळतीलच या हिशोबाने खड्डाही खणला गेला. तिच्या पुढच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. ती कणीक मळायची त्याच हाताने तिने सिमेंट कालवून ती बुजवली. शेवटी उरली दोन घरं, तिचं आणि आमचं, आणि मागच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारी, उठवलेल्या घरांतलीही माणसं. तिने कुणाला परत पाठवलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी ती गेली. दोन दिवस ताप आला आणि संपलं. मला अजूनही तिच्या ओट्याकडे पाहवत नाही, हे लिहितानाही नाही. दिनूभाई, सत्तरी ओलांडलेला म्हातारा, वलसाडहून रिक्षा करून आला आणि कुणाचं न ऐकता पुढचा खांदा त्याने धरला. बिल्डरचा कल्पेशभाई मागे चालत होता. शिरपूरचा दीर आला, दिनूभाईकडे त्याने पाहिलं आणि दुसऱ्या बाजूने खांदा लावला.

तेराव्यानंतर प्रमोद माझ्याकडे आला. डोक्यावर नुकते केस उगवत होते. प्रमोदला ते घर कधीच नको होतं. वापीहून फोन करून तो आईशी त्यावरून भांडत असे, ते आम्ही भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं. तो खुर्चीत बसला नाही, जमिनीवर बसला.

"सर, कल्पेशभाई कागद घेऊन आलाय. मला विकायचंय, खोटं कशाला बोलू. पण माय म्हणायची, भाऊबंदाला विचारल्याशिवाय नाही. शिरपूरच्या काकाला विचारलं, तो म्हणाला, तिचे भाऊबंद तिकडेच आहेत, त्यांना विचार. आता गल्लीत तुम्हीच राहिलात. तुम्ही नको म्हणा, मी नाही विकणार. खोल्यांचं भाडं तुम्हीच घ्या, डागडुजी तुम्हीच बघा. माझ्याकडून रोज येणं होणार नाही."

मला येत्या वर्षी निवृत्त व्हायचं होतं. गुहागरला सुनंदाच्या माहेरच्या जागेत दोन खोल्या बांधायच्या, नारळ लावायचे, हे आम्ही इतकी वर्षं बोलत आलो होतो की ते झाल्यातच जमा होतं. मागच्या खोलीतून कुणीतरी कुकर लावल्याचा वास येत होता. प्रमोद वाट बघत होता. मायने दिनूभाईला 'इकी टाक' म्हणण्याआधी पदराने तोंड का पुसलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "नको विकू."

त्याने मान हलवली आणि माझ्या पाया पडून गेला. मी स्वयंपाकघरात गेलो. सुनंदा तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "गुहागर नाही आता."

तिने एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तर मग पावसाच्या आधी मायच्या मागच्या खोलीचे पत्रे बदलून घ्या. पोरी गेल्या वर्षी भिजल्यात."